मयत नायदेन म्हणाला होता

गाढव मेलं ते मार्चमध्ये. त्याचं नाव गाव्रिल. व्रानिना गावाच्या वरच्या आळीला पाणी नव्हतं. ते खालच्या आळीतून गाव्रिलच्या पाठीवरून यायचं. त्यामुळे तो गेला तेव्हा सगळी आळी घरचं माणूस गेल्यासारखी सुन्न झाली. नायदेन कुंचेव्हने रीतसर काळ्या कडेचा कागद छापून आणला. गावात कुणी गेलं की असा कागद फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. वर फोटो, खाली नाव आणि दुःखाच्या दोन ओळी. गाढवासाठी आजवर कुणी चिकटवला नव्हता. पण नायदेन म्हणाला, "या आळीत त्याच्याइतकं काम कुणी केलंय, नाव सांगा."

अडचण झाली ती फोटोची. गाव्रिलचा एकच फोटो होता आणि त्यात नायदेन त्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता. छापखान्यातल्या पोरीने दोघांनाही चौकटीत बसवलं. गाढव बुटकं, नायदेन उंच, त्यात त्याच्या मिशा केरसुणीसारख्या. लांबून बघणाऱ्याला आधी मिशाच दिसायच्या. त्याखाली मोठ्या अक्षरांत 'कुंचेव्ह कुटुंबाचा आधार' आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, 'आमचा गाव्रिल'.

गाव्रिल गेला आणि पाणी हातगाडीवर आलं. हातगाडी ढकलायची नायदेनने आणि मागून घागरी सांभाळायच्या त्याच्या बायकोने, स्टोयनाने. चढावर एकदा घागर तिच्या पायावर पडली. तिने माळ्यावरून सुटकेस काढली, पुसली आणि दाराशी उभी केली.

"जूनअखेरच्या संत पीटरच्या सणापर्यंत दारात पाणी आलं तर राहीन," ती म्हणाली. "नाही आलं तर त्या दुपारच्या बसने प्लोव्दिवला, लेकीकडे. तिच्या घरात तीन नळ आहेत."

"आणि मी?"

"तूही ये की. शेळीला मात्र लिफ्टमध्ये घेत नाहीत."

लेकीकडे नायदेन एकदा राहून आला होता. तिथे त्याला गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली खुर्ची दिली होती आणि तो दिवसभर ओल्या मोज्यांच्या सावलीत बसायचा. स्टोयना गेली तर त्याला इथे एकट्याने राहणं जमणार नव्हतं, आणि तिथे दोघांनी राहणं त्याहून जमणार नव्हतं. म्हणून सुटकेसकडे लक्ष गेलं की तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की नायदेन स्वतः पाण्याचा इंजिनिअर होता. राजधानीत, सोफियाच्या विद्यापीठात शिकलेला. त्याच्याबरोबर शिकलेल्या तुकडीने देशभर धरणं बांधली, कालवे काढले, आणि त्याच्या आळीत एक दगडी चेश्मा नव्हता. चेश्मा म्हणजे फार काही नाही, एक भिंत, भिंतीत नळी आणि खाली हौद. त्याने तुकडीच्या फोनवरच्या गटात कित्येक वर्षं विनवण्या केल्या. नकाशे टाकले, झऱ्याचे फोटो टाकले, एखादा आठवडा सगळे या, मिळून करू, असं लिहिलं. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने मांजराचा फोटो टाकला.

एप्रिलमध्ये दोचो त्या रस्त्याने गेला. दोचो म्हणजे तुकडीचा मॉनिटर. तेव्हा होता आणि त्याच्या मते अजून आहे. मेव्हणीकडे जेवायला उशीर होत होता, म्हणून तो थांबला नाही. पण फाटकावर काळी कड आणि त्यात मिशा दिसल्या, तेव्हा त्याने गाडी चालवता चालवताच टोपी काढली. संध्याकाळी त्याने गटात बातमी टाकली.

नायदेन तेव्हा शेळीचं दूध काढत होता. खिशात फोन इतका थरथरायला लागला की शेळीने लाथ मारली. तो ओट्यावर येऊन वाचत बसला. वर्षानुवर्षं मूग गिळून बसलेली माणसं भडाभडा बोलत होती. काय माणूस होता. तुकडीचा आत्मा होता. व्हेलिच्कोने लिहिलं होतं, 'मी त्याला जलशास्त्र शिकवलं, पण माणुसकी त्याने मला शिकवली.' यातला पहिला भाग वाचून नायदेनला संताप आला. कारण जलशास्त्राच्या पेपरात व्हेलिच्को त्याच्या मागे बसून, बगळ्यासारखी मान लांब करून पास झाला होता.

त्याने टाइप करायला घेतलं, 'अरे मूर्खांनो, मी जिवंत.' तेवढ्यात दोचोचा पुढचा निरोप आला. 'बिचारा इतकी वर्षं चेश्मा मागत होता. तो आता आपण त्याच्या नावाने बांधू. जूनमध्ये सगळे व्रानिनाला.' आणि खाली होकारांची रांग लागली.

नायदेनचा अंगठा हवेतच राहिला. स्टोयना मागून वाचत होती.

"खबरदार पुढे लिहिलंस तर," ती म्हणाली.

"अगं, पण मी मेलेलो नाही."

"तुला कोण विचारतंय? दुरुस्त्या करत बसायची ही वेळ आहे का?"

तिने फोन घेतला, बंद केला आणि पिठाच्या डब्यात खुपसला.

जूनमध्ये गाड्या आल्या. वरच्या आळीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आळीत म्हाताऱ्याच होत्या आणि सगळ्यांना पाणी हवं होतं. शेजारच्या त्सोन्का आजीला फक्त मान खाली घालून उभी राहा म्हटलं होतं. पण तिला राहवलं नाही. पहिली गाडी दिसताच तिने ऊर बडवून असा काही हंबरडा फोडला की माळ्यावर लपलेल्या नायदेनच्याही डोळ्यांत पाणी आलं. स्टोयना काळा रुमाल बांधून दारात उभी होती. पाहुण्यांनी मध आणला, चीज आणलं, मेलेल्याच्या नावाने वाटायचे साखर-मनुका घातलेले गोड गहू आणले. संध्याकाळी ती त्यातलं ताट भरून वर घेऊन आली.

"विधवेला बरं असतं रे," ती म्हणाली. "दिवसभर कुणी मला उठू दिलं नाही. हे आधीच करायला हवं होतं."

नायदेन स्वतःच्या नावाचे गहू खात बसला. चांगले शिजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माळ्याच्या खिडकीतून पाहिलं आणि त्याची भूकच गेली. सगळे निवृत्त मुख्य अभियंते. प्रत्येकाच्या हातात आपापला नकाशा आणि फावडी झाडाला टेकवून ठेवलेली. दोचो एका दगडावर चढून कामाची वाटणी करत होता आणि त्यात खणायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नव्हतं. व्हेलिच्कोने डोंगराकडे बोट दाखवून चर कुठून जाणार ते सांगितलं. बोट मेंढरांच्या डबक्याकडे होतं. ते डबकं जुलै लागला की आटतं, हे नायदेनने गटात दर उन्हाळ्यात फोटोसकट लिहिलं होतं.

तो खाली आला, आरशासमोर उभा राहिला आणि त्याने मिशा काढल्या.

स्टोयनाने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "लग्न झाल्यापासून मला ठाऊकच नव्हतं की तुला वरचा ओठ नाही," ती म्हणाली.

"आता मी स्पास. नायदेनचा चुलतभाऊ. रूसे शहरात बस चालवतो."

"चालव बाबा. आणि लंगड थोडा. तू चाललास की लांबून ओळखू येतोस."

कुणी ओळखलं नाही. दोचोने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं की चेहऱ्यात काही साम्य नाही, नायदेन देखणा होता. व्हेलिच्को म्हणाला, "देखणा होताच. डोक्याने जरा जड होता, पण मी सांभाळून घेतलं." नायदेनने राग गिळला. मग त्याने भीत भीत सांगितलं की मेंढरांचं डबकं आटतं, खडकाखालचा झरा धरायला हवा.

"काका, तुम्ही बस चालवा," व्हेलिच्को म्हणाला. "हे आमच्यावर सोडा."

नायदेन वळला. दोन पावलं लंगडला. आणि त्याला सुचलं.

"मला काय कळतंय म्हणा," तो म्हणाला. "मयत नायदेन म्हणाला होता, तेवढं सांगितलं. शेवटचे दिवस होते त्याचे. माझा हात धरून म्हणाला, स्पास, पाणी खडकाखालून."

दोचोने टोपी काढली. व्हेलिच्कोचं बोट हळूहळू सरकत खडकाकडे गेलं.

"माझंही तेच म्हणणं होतं," तो म्हणाला.

इतकी वर्षं नकाशे टाकून जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. नायदेनला आधी वाईट वाटलं, मग मजा वाटायला लागली. थोड्या वेळाने त्याला आठवलं की मयताने फावड्यांबद्दलही काही सांगितलं होतं.

"काय सांगितलं होतं?" दोचोने विचारलं.

"म्हणाला, चर खणायची वेळ आली तर पहिलं फावडं व्हेलिच्कोने मारावं. दुसऱ्या कुणी मारलं तर माझा जीव अडकून राहील."

"माझं नाव घेतलं?" व्हेलिच्को म्हणाला.

"घेतलं. दोनदा."

व्हेलिच्कोने कोट काढला. त्याने पहिलं फावडं मारलं, आणि दुसरं कुणी मारावं याबद्दल मयत काही बोलला नसल्यामुळे तेही त्यानेच मारलं. दुपारपर्यंत तो कंबरेइतक्या खड्ड्यात होता आणि वरून स्पासकाका त्याला भिंती सरळ ठेवायला सांगत होते, मयताच्या वतीने.

काम झपाट्याने पुढे गेलं. संध्याकाळी सगळे एकत्र जेवायचे, जर्दाळूची राकीया घ्यायचे आणि नायदेनच्या आठवणी काढायचे. प्रत्येकाने आधी घोटभर जमिनीवर ओतायची मेलेल्यासाठी. नायदेनचा जीव तुटायचा, चांगली राकीया होती. आणि आठवणी तरी कसल्या. त्याने म्हणे एका प्राध्यापकाला धरणात बुडताना वाचवलं होतं. त्याने म्हणे मंत्र्याच्या तोंडावर नकाशा फाडला होता. तिसऱ्या पेल्यानंतर नायदेनलाही हे खरं वाटायला लागलं, आणि असा माणूस गेला म्हणून तोही रडला.

मग मात्र त्याला हाव सुटली. मयताच्या शेवटच्या इच्छा वाढायला लागल्या. शेळ्यांसाठी वेगळा हौद. म्हाताऱ्यांना टेकायला बाक. बाकावर छप्पर. छपरावर द्राक्षाचा वेल चढवायला तारा. दोचो सगळं लिहून घ्यायचा. पण त्यांच्यात झ्लात्का नावाची एक बाई होती, तुकडीतली सगळ्यात हुशार. ती कमी बोलायची आणि सुईत दोरा ओवताना बघावं तशी माणसाकडे बघायची. वेलाच्या तारा ऐकून ती म्हणाली, "स्पास, एवढं सगळं बोलत होता, मग त्याला मरायला सवड कधी मिळाली?"

"हळूहळू गेला," नायदेन म्हणाला, आणि लंगडत निघून गेला. घाईत तो दुसऱ्या पायाने लंगडला.

संत पीटरचा दिवस उजाडला. चेश्मा उभा होता. पांढऱ्या दगडाची भिंत, तिच्यात पितळी नळी, नळीवर नवा टॉवेल पांघरलेला. भिंतीवर कोरलं होतं, 'अभियंता नायदेन कुंचेव्ह यांच्या स्मरणार्थ, तुकडीकडून'. वर अंडाकृती चिनीमातीवर फोटो. तो दोचोने फाटकावरच्या कागदावरूनच काढून घेतला होता; तळाची बारीक ओळ स्टोयनाने पाहुणे यायच्या आधीच फाडून ठेवली होती. गाढव कापून टाकलं होतं, पण एक कान नायदेनच्या खांद्यामागून वर आलेला राहिला होता. कुणी म्हणालं ते झुडूप आहे, कुणी म्हणालं टोपीचं पीस.

पाद्रीबाबा आले. त्सोन्का आजीने आवाज तापवून ठेवला. स्टोयना काळा रुमाल बांधून पहिल्या रांगेत उभी होती, कारण पहिला घोट बायकोने घ्यायचा असतो आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं असतं. सुटकेस तिने सोबत आणली होती.

"ती कशाला?" नायदेन कुजबुजला.

"सण आज आहे. बस थोड्या वेळात आहे. पाणी अजून आलेलं नाही."

"अगं, आता येतंय की."

"आलं की सुटकेस घरी. मी दिलेला शब्द फिरवत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतं.

दोचोचं भाषण झालं. तो म्हणाला, नायदेन मरून आपल्याला एकत्र आणून गेला. मग तो रडला. पाद्रीबाबांनी पवित्र पाण्यात शिंपडायची पाल्याची जुडी बुडवली. दोचोने वर खडकाकडे रुमाल हलवला. तिथे मुख्य झडपेशी व्हेलिच्को बसला होता. हा मान त्याने स्वतःहून मागून घेतला होता. स्टोयनाने टॉवेल काढला. सगळ्यांनी नळीकडे पाहिलं.

नळीतून एक मुंगी बाहेर आली.

दोचोने पुन्हा रुमाल हलवला. वर व्हेलिच्को अंगाची कमान करून झडप पिळत होता. मुंगी परत आत गेली. खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. स्टोयनाने वाकून सुटकेस उचलली. तिचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. तिलाही जायचं नव्हतं. पण बोलून बसली होती.

नायदेन लंगडणं विसरला. तो भिंतीवर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ज्या आवाजात तो उभं आयुष्य धरणांवर ओरडला होता त्या आवाजात ओरडला.

"कासवा, अरे उलटं पिळतोयस. डावीकडे. परीक्षेतही असंच केलं होतंस, डावीकडे फिरव."

व्हेलिच्कोला कासव म्हणणारा तुकडीत एकच होता. आणि पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेली गोष्ट, व्हेलिच्कोने वर न बघताच उत्तर दिलं.

"फिरवतोय ना, नायदेन, बोंबलू नकोस."

त्याने झडप डावीकडे फिरवली. मग त्याचे हात थांबले. मग तो हळूहळू उभा राहिला.

खाली कुणी हललं नाही. पाद्रीबाबांची जुडी हवेत होती, तिच्यातून थेंब टपकत होते. बस आळीच्या तोंडाशी थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून बघायला लागला. तेवढ्यात नळी खोकली. आधी हवा आली, मग मुंगी, मग लाल गढूळ पाणी, आणि मग स्वच्छ, मनगटाएवढी धार हौदात पडली. त्सोन्का आजी तेवढी ठरल्याप्रमाणे रडायला लागली. तिला आता थांबवता येण्यासारखं नव्हतं.

स्टोयनाने सुटकेस खाली ठेवली. ओंजळ धरली, पाणी प्याली, तोंड पुसलं.

"देव त्याला क्षमा करो," ती भिंतीवरच्या नवऱ्याकडे बघत म्हणाली. "हे लोक करतील असं वाटत नाही."

मग जे व्हायचं ते झालं. दोचो म्हणाला, "मी भाषणात रडलो रे." तो तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. व्हेलिच्को धापा टाकत खाली आला. त्याने आधी नायदेनला मिठी मारली, मग कॉलर धरली.

"मी खणलं," तो म्हणाला. "तुझ्या आत्म्यासाठी मी कंबरेइतकं खणलं."

"आणि भिंती काय सरळ आल्यात," नायदेन म्हणाला. "मी सगळ्यांना सांगणार आहे. जिवंतपणी सांगणार आहे."

"मग फाटकावर तो कागद कुणाचा होता?" दोचोने विचारलं.

नायदेनने सांगितलं. कान गाढवाचा आहे हेही सांगितलं. मग झ्लात्का हसायला लागली आणि तिला बाकावर बसावं लागलं.

"मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "गव्हातले मनुके आधी वेचून खाणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिलाय."

"आणि बोलली नाहीस?" दोचो म्हणाला.

"बोलले असते तर तुम्ही गाड्या काढून घरी गेला असता. जिवंत होता तेव्हा कोण आलं होतं? दोचो, मांजराचा फोटो कुणी टाकला होता?"

दोचोने टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

राहता राहिला दगड. जिवंत माणसाचं नाव स्मरणार्थ कोरलेलं ठेवणं बरं नव्हे, असं पाद्रीबाबांचं मत पडलं. म्हणून नायदेनचं नाव खरवडून तिथे गाव्रिलचं घातलं आणि 'अभियंता' तसंच राहू दिलं, कारण त्याच्याइतकं पाणी दुसऱ्या कुणी वाहिलं नव्हतं. फोटोही बदलला. आता त्यात पूर्ण गाढव आहे आणि कडेला एक मिशी.

त्या रात्री घरी जायच्या आधी सगळे शेवटचं जेवायला बसले. कुणाला उठवत नव्हतं. खालच्या गावच्या शाळेचं छप्पर गळतंय असं बोलता बोलता निघालं. दोचो म्हणाला, बघू, गटात टाकतो. हे ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण गटात टाकलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"कुणाला तरी मरावं लागेल," झ्लात्का म्हणाली.

चिठ्ठ्या टाकायचं ठरत होतं. पण व्हेलिच्कोने टेबलावर हात आपटला. पुढच्या वर्षी तो मरणार, त्याने सांगितलं, आणि त्याच्याबद्दल नायदेनपेक्षा चांगलं बोललं गेलं पाहिजे. शिवाय त्याच्या शेवटच्या इच्छा आत्ताच तयार आहेत. पहिली अशी की छपरावर पहिल्यांदा नायदेनने चढावं.

"तुझ्या बायकोला विचारलंस का?" दोचो म्हणाला.

"तिला मी समजावते," स्टोयना म्हणाली. तिने काळा रुमाल सोडला, त्याची नीट घडी घातली आणि तो व्हेलिच्कोच्या हातात दिला. "हा तिला द्या. आणि सांगा, पहिला आठवडा अजिबात उठू नकोस."